टीचरांचा वाल

कडुनिंबाचं वाळलेलं पान चुरगळून समोरच्याच्या नाकाशी धरायचं आणि म्हणायचं, "आधी वास घे, मग बोल!" माणिकपूरच्या आमच्या इमारतीतल्या टीचर अशा भेटायच्या. शाळेतून निवृत्त झाल्या तरी सगळ्यांच्या टीचरच.

जूचंद्रला त्यांच्या भावाचं शेत. भात कापलं की तो वाल पेरायचा, आईच्या वेळचं बियाणं. पावसाळ्यात त्याच्या घरात पाणी शिरे, म्हणून बियाण्याचा डबा टीचरांच्या तिसऱ्या मजल्यावर. त्या वालाला एरंडेल चोळत, थराथरात निंबाचा पाला आणि वेखंड घालत. भुंग्याची काय बिशाद!

नव्या सुनांना आणि भाडेकरूंनाही त्या धान्यात घालायला पाला वाटायच्या. कोणी किडीच्या औषधाच्या गोळ्यांचं नाव काढलं, की म्हणायच्या, "खायचंय ना ते तुला?"

एका तापातून त्या उठल्या, पण नाक गेलं. कशाचाच वास येईना. मूठभर पाला घेऊन माझ्या दारात आल्या. चुरगळला नाही, नुसता पुढे धरला.

"येतो का गं वास?"

"येतो की. चांगला कडू."

"मला नाही येत," त्या म्हणाल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

तेव्हापासून वास घ्यायला मी. ऐन श्रावणात त्यांनी मला डबा उघडायला लावला. मी वाकले. कुबट वास आला. सांगावं की नाही, कळेना.

"ओलसर येतोय, टीचर."

त्यांचा चेहरा उतरला. आम्ही सगळा वाल पंख्याखाली चादरीवर ओतला. तळाचा पाला नीट वाळलाच नव्हता. काही दाण्यांवर पांढरी बुरशी धरली होती. तेवढे वेचून टाकले, बाकीचे वाळवले, नवा पाला घातला. संध्याकाळी एरंडेलाचे हात पुसत त्या हसल्या, "नाक तुझं, हात माझे. जमलं की!"

भात कापल्यावर भाऊ बियाणं न्यायला आला. टीचरांनी त्याला माझी ओळख करून दिली, "हे माझं नाक."

वाल छान उगवला. शेंगांची पिशवी आमच्याकडे आली.

टीचर गेल्या त्याला आता वर्ष होईल. यंदा पावसाआधी दार वाजलं. खांद्यावर गोणी घेऊन त्यांचा भाऊ उभा, चपला बाहेर काढून.

"ती सांगून गेली होती," तो म्हणाला, "बियाणं तुमच्याकडे द्यायचं. ठेवाल ना?"

मी सोफा भिंतीकडे सरकवला आणि चादर आणायला आत गेले.