इंदूमावशीची चौथी

आमच्या घरात लग्न असो की बारसं, चार बाया एकत्र बसल्या की कोणीतरी म्हणतंच, "ते म्हशीचं सांग ना!" मग एक किस्सा निघतो, त्यातून दुसरा निघतो आणि तिकडे पंगत बसली तरी आमचा पत्ता नसतो. इंदूमावशीचे किस्से इतके साचलेत की कोणता मी पाहिलेला आणि कोणता ऐकलेला, हेही आता नीट सांगता येत नाही. पण मी सांगणार. ती माझी सख्खी मावशी होती आणि मला तिचा भयंकर अभिमान आहे!

*

पन्नास सालच्या आसपास मावशी वर्ध्याहून आमच्या गावात मुलींच्या शाळेवर मास्तरीण म्हणून आली. गाव आंजीहून दोन कोस आत. कोतवालानं शाळा दाखवली, तर तो गुरांचा कोठा! आत एक म्हैस निवांत रवंथ करत बसलेली.

"पोरी कुठं हायेत?" मावशीनं विचारलं.

"येतीन ना बाई, हळूहळू."

मावशी आपल्या ट्रंकेवर बसली, रजिस्टर उघडलं आणि लिहिलं: मुली, शून्य. म्हैस, एक, हजर.

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झाली. दुसऱ्या दिवशी म्हशीचा मालक तुकाराम मान खाली घालून आला. म्हैस सोडली आणि तिच्या जागी स्वतःच्या दोन पोरी बसवून निघाला.

मावशीनं हाक मारली, "भाऊ, म्हशीचं नाव कापू का?"

"कापा बाई, थे काई शिकत नाई!"

*

मावशी राहायची आमच्याच घरी. त्यामुळे माझी पंचाईत. एकदा मी वर्गात बोलून गेले, "मावशी, पानी पियाले जाऊ?"

"इथं तुझी कोणी मावशी नाही," ती म्हणाली आणि मला कोपऱ्यात उभं केलं.

घरी आल्यावर मी आईच्या पदरात तोंड खुपसून रडले. मावशी भाजी निवडत होती. तिनं मला जवळ ओढलं, शेंगदाण्याचा लाडू दिला आणि म्हणाली, "कोन व्हय थे बाई? लय खडूस दिसते! तिच्या नादी नको लागू तू."

*

आता मुख्य गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. शाळा होती तिसरीपर्यंत. चौथी हवी असेल तर तपासणीच्या दिवशी पंधरा मुली समोर हजर पाहिजेत, असा वरचा हुकूम होता. चौथी नाही म्हणजे तिसरी झाली की पोरगी घरी, मग कापसाची वेचणी, मग लग्न. त्या रांगेत मीही होते! म्हणून मावशी रोज सकाळी दारोदार फिरून पोरी गोळा करायची.

गंगूची आई म्हणाली, "ईच्या मांगं लेकरू हाये बाई. लेकराले कोन पाह्यल?"

"मंग त्यालेही धाडा!"

मावशीनं आढ्याला लुगड्याची झोळी बांधली. पोरी पाढे म्हणत आळीपाळीनं दोरी ओढायच्या. वर्षभरानं गंगूची आई भांडायला आली. "बाई, तुमी का करून ठेवलं हे? पोट्टं मले आई म्हनायच्या आंधी बे दुने चार म्हनून राह्यलं!"

*

मावशीला स्थळंही यायची. कारंज्याचं एक स्थळ फार चांगलं होतं. मुलगा कचेरीत कारकून, माणसं भली. अट एकच, लग्नानंतर नोकरी सोडायची.

"सोडते की," मावशी म्हणाली, "पण आधी माझी चौथी उघडू द्या."

मुलगाही भला. थांबला. वर्षानं त्यानं पत्र पाठवलं, की काय ठरलं? मावशीनं पोस्टकार्डावर एकच ओळ लिहिली, "सहा मुली कमी आहेत."

पुढच्या वर्षी पुन्हा पत्र. पुन्हा पोस्टकार्ड. "तीन कमी आहेत."

माझी आई कपाळावर हात मारून म्हणाली, "इंदे, त्याले लग्नाचं विचारू दे वं, हजेरी काऊन कळवतं?"

*

आणि मग तो तपासणीचा दिवस.

आमच्या भगवंतराव पाटलाला चौथी मुळीच नको होती. "चौथी शिकून पोट्ट्या का तहसीलदार होनार हायेत?" असं तो चारचौघांत म्हणायचा. साहेब येणार त्याच दिवशी त्यानं आपल्या वावरात सीतादही ठेवलं. म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दहीभात वाहायचा आणि मग बायकांनी कापसाला हात लावायचा. सगळं गाव पाटलाच्या वावरात, पोरीही तिथेच. शाळेत मावशी, मी आणि साहेब!

"मुली कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"आज वर्ग शेतात आहे साहेब, चला," मावशी म्हणाली आणि त्यांना पायी वावरात घेऊन गेली.

पोरींना पऱ्हाटीतून, म्हणजे कापसाच्या झाडांतून, बाहेर बोलावलं, रांगेत उभं केलं. साहेबांनी माझ्यासकट मोजल्या. चौदा! पंधरावी सखू कालच मामासोबत तळेगावला गेली होती.

साहेबांनी रजिस्टर मिटलं. "पुढच्या वर्षी पाहू, बाई."

माझी तिसरी होत आली होती. मला पुढचं वर्ष नव्हतंच. मी तिथेच भोकाड पसरलं. मावशी पुन्हा पहिल्या पोरीपासून मोजायला लागली.

तेवढ्यात दहीभात वाढणारी पाटलीणबाई हात पुसत पुढे आली. चाळिशीची बाई, दोन सुनांची सासू.

"सायेब, मले वाचता येते."

पाटील ओरडला, "तुले? कवापासून?"

"बाई रोज दुपारी ताक न्यायले येतेत ना, तवापासून!"

बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. साहेबांनी तिसरीचं पुस्तक पुढे केलं. पाटलीणबाईनं ओळीखाली बोट धरून अख्खं पान वाचलं, कुठे अडखळली नाही.

"वाचन उत्तम आहे. पण वय..." साहेब म्हणाले.

मावशी लगेच म्हणाली, "साहेब, हुकुमात पंधरा लिहिलंय. वय कुठं लिहिलंय?"

साहेबांनी हुकूम काढून दोनदा वाचला. मग फाउंटन पेनचं टोपण काढलं. "पूर्ण नाव सांगा."

"भागीरथी..." आणि पाटलीणबाई थांबली.

पूर्ण नाव म्हणजे मधे नवऱ्याचं नाव आलं. ते तेव्हा आमच्याकडे कोणती बाई उच्चारायची? आणि नवरा तर समोर धुऱ्यावर मिशीला पीळ देत उभा! मावशी सांगायला पुढे झाली, तर साहेबांनी हात वर केला. "विद्यार्थिनीनं स्वतः सांगायचं."

पाटलीणबाईनं पदर डोक्यावर नीट घेतला, सरळ पाटलाच्या डोळ्यांत पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"बोंड फुटलं पऱ्हाटीले, दहीभात वाह्यला धुऱ्यावर,
भगवंतरावाचं नाव घेते, घ्या मले हजेरीवर!"