टाकीतलं पाणी

तिला सगळे मशीनवाली म्हणत. शिलाई मशीनचा टाका सुटो, सुई अडको नाहीतर पायडलचा पट्टा तुटो, ती मोटारसायकलवरून घरी येऊन दुरुस्त करून जाई. हा हुन्नर वडिलांचा. वडील गेल्यावर त्यांचं मशीनच्या सामानाचं दुकान थोरल्या भावाकडे गेलं आणि मोटारसायकल तिच्याकडे आली. वाटणी म्हणून दोघांनीही ती मान्य केली, पण मनातून कुणालाच पटली नाही. भाऊ खाली दुकानात, ती वर एका खोलीत. जिन्यात समोरासमोर आले तर एकजण भिंतीकडे बघायचा आणि दुसरी छताकडे.

गाडी दुकानाच्या दारात लावते म्हणून भाऊ चिडायचा. एका संध्याकाळी तो सगळ्यांदेखत ओरडला, "उद्या ही दारात दिसली तर बघून घेईन!"

"बघून घे. बघण्याशिवाय तुला दुसरं जमतंय काय?" ती वरूनच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चढावर गाडीनं आचके दिले आणि बंद पडली. ढकलत ढकलत ती गॅरेजवर पोचली तेव्हा तिच्या तोंडून शिव्यांखेरीज काही निघत नव्हतं. मेकॅनिकनं कार्बोरेटरचा तळाचा स्क्रू सैल केला, आलं ते काचेच्या बाटलीत धरलं आणि उजेडात नेलं. वर पिवळसर पेट्रोल, खाली स्वच्छ पाणी, मधे सरळ रेघ.

"टाकीत पाणी आहे, ताई. कुठनं आलं ते तुम्हीच शोधा."

तिला शोधायची गरजच वाटली नाही. बाटली उचलून ती तडक दुकानात गेली. भाऊ गिऱ्हाइकांना सुया दाखवत होता. तिनं बाटली काउंटरवर आदळली.

"हेच ना तुझं बघून घेणं? टाकीत पाणी ओतलंस?"

भावानं बाटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "माझ्या हातात असतं तर पाणी कशाला, वाळू ओतली असती."

"ऐकलंत?" ती गिऱ्हाइकांकडे वळली. "कबूल करतोय!"

"भावंडं एकमेकांना पाण्यात पाहतात हे ठाऊक होतं," एक म्हातारा शिंपी पुटपुटला, "पण पेट्रोलमधल्या पाण्यात?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि भावाचा तोल गेला. "बाबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा हिचं सगळं लक्ष गाडीच्या किल्लीवर होतं! माणूस नको होता हिला, गाडी हवी होती!"

वडिलांची अंथरुणं तिनं बदलली होती, रात्री तिनं जागवल्या होत्या. हे त्याला माहीत होतं, म्हणूनच त्यानं नेमकं तिथे टोचलं. बाटली तिथेच टाकून ती बाहेर पडली.

मेकॅनिककडून टाकी उतरवून, धुऊन, वाळवून घेतली. झाकणाला नवं कुलूप बसवलं, किल्ली गळ्यात अडकवली आणि नेहमीच्या पंपावर टाकी भरली. दोन गल्ल्या पुढे गाडी पुन्हा आचके देऊन थांबली.

कुलूप जसंच्या तसं होतं. तिनं कार्बोरेटरचा स्क्रू सैल करून पाहिलं: पुन्हा पाणीच.

मग गाडी ढकलत ती पंपावर परत गेली. मॅनेजरनं खुर्चीतून उठायचीही तसदी घेतली नाही. "तुमच्या टाकीत घाण असेल. आमचा माल चोख आहे."

"मग बाटलीत काढून दाखवा."

"बाटलीत द्यायची परवानगी नाही."

एवढ्यात नुकतंच पेट्रोल भरून निघालेला पाववाला फाटकातच अडकला. किक मारून मारून तो घामाघूम झाला. मशीनवाली त्याच्या गाडीशी बसली, पिशवीतला पेचकस काढला आणि कार्बोरेटरचा स्क्रू फिरवला. आलं ते तळहातावर घेऊन तिनं मॅनेजरच्या नाकासमोर धरलं. पेट्रोल बघता बघता उडून गेलं, हातावर पाण्याचे मणी तेवढे उरले.

"हा काय माझा घाम आहे?"

रांगेतले लोक भोवती जमले. पाववाल्यानं मॅनेजरची कॉलरच धरली. शेवटी नळीवाल्या नोकरानं तोंड उघडलं: अंगण धुतलं की जमिनीतल्या टाकीच्या फुटक्या झाकणातून पाणी आत जातं, साहेबांना दोनदा सांगितलं होतं. पंप बंद झाला. मॅनेजर "तुला बघतो" म्हणाला. तिला की नोकराला, ते कुणी विचारलं नाही.

घरी आली तेव्हा दुकान उघडंच होतं. भाऊ एकटा होता.

"पाणी पंपावरचं होतं," ती दारातूनच म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. तू नव्हतास, एवढंच सांगायला आले."

"चार माणसांत आळ घेतलास. चार माणसांतच सांग."

"सांगते. बाबांबद्दल बोललास ते तूही चार माणसांतच मागं घे."

भावानं मान खाली घातली आणि सुयांची डबी आवरू लागला. ती वाट बघत उभी राहिली. डबी आवरून झाली, तसं त्यानं दुकानाचं शटर ओढायला घेतलं.

पुढच्या आठवड्यात तिनं गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली. हत्यारांची शेवटची पेटी गाडीला बांधत असताना वहिनी बाहेर आली. आजवर तीही नवऱ्याच्याच बाजूनं बोलत आली होती, पण आज आवाज खाली होता. "यांना काही सांगू का?"

"सांगा, दार मोकळं झालं," ती म्हणाली आणि किक मारली.