तुसड्या मिस्त्रीचा पीळ

रायफलींच्या नळ्या बसवणाऱ्या त्या माणसाला सगळे पाठीमागे ‘तुसडा मिस्त्री’ म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि ठाऊक असून बरंच वाटायचं. ज्यांची अक्कल गुडघ्यात, त्यांच्या तोंडून गोड नाव निघालं असतं तर त्यालाच कमीपणा आला असता.

त्याच्या कारखान्यात लोखंड कातायचा लेथ होता, तेलाने काळं पडलेलं टेबल होतं आणि खुर्ची एकच होती, त्याची स्वतःची. गिऱ्हाइकाने उभ्यानेच काम सांगायचं. बसलं की ते बोलायला लागतं, असा त्याचा अनुभव. नेमबाजी क्लबातले बहुतेक सभासद त्याच्याकडेच येत आणि बोलणी खाऊन जात. क्लबचे अध्यक्ष विमा कंपनीतून निवृत्त झालेले. ते रायफल झाडूसारखी धरतात, हे त्याने त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. अध्यक्ष हसले होते. तुच्छ माणसं हसून वेळ मारून नेतात, असं मिस्त्रीने मनात नोंदवलं.

पण त्याचा सगळा तिरस्कार एकवटून कुणाच्या वाट्याला आला असेल, तर तो सख्ख्या मेहुण्याच्या. मेहुण्याची बेकरी होती. गोल चेहरा, गोल बोटं, बोलणंही गोलगोल. चाळिशी उलटल्यावर त्याला नेमबाजीचं वेड लागलं, आणि मिस्त्रीच्या मते हे म्हणजे बैलाने सतार घेण्यासारखं होतं.

एक दिवस मेहुणा रायफल आणि गोळ्यांचा डबा घेऊन कारखान्यात आला.

“भावोजी, नवी नळी बसवायचीय. चांगली लांब. नळी लांब तेवढा नेम सरळ, नाही का?”

“पडदा टांगायचाय का तिच्यावर?” मिस्त्री म्हणाला. “अरे, नळी लांब केली की दारूच्या वाफेला गोळी ढकलायला जागा जास्त मिळते. वेग वाढतो, एवढंच. त्याचा नेमाशी काय संबंध? उलट बारीक नळी फार लांब केली तर बार उडताना काठीसारखी थरथरते.”

“मग गोळी सरळ कशाने जाते?”

“पिळाने. नळीच्या आत चऱ्या असतात, वळत गेलेल्या. त्या गोळीला गरगर फिरवतात. भोवरा फिरतो तोवर उभा राहतो, तशी ही. तू कणीक मळ, हे सोड.”

इथवर मिस्त्री बरोबर होता. मेहुण्याने डबा पुढे केला. “मी या गोळ्या घेतल्यात, जरा वेगळ्या आहेत. बघता का?”

“गोळ्या मला दाखवतोस? मी काय आज जन्मलो? ठेव तिकडे.”

डबा त्याने उघडलाही नाही. उघडला असता तर आतल्या गोळ्या नेहमीपेक्षा लांब आणि जड आहेत, पेन्सिलीच्या टोकासारख्या निमुळत्या आहेत, हे एका नजरेत कळलं असतं. गोळी जितकी लांब, तितकी ती वाऱ्यात डगमगते आणि तितका घट्ट पीळ तिला लागतो. हे तर त्याला झोपेतही सांगता आलं असतं. आठ-नऊ इंचांत एक वळसा घेणारी नळी हवी होती. फळीवर होती ती बारा इंचांत एक वळसा घेणारी, आखूड गोळीसाठीची. मिस्त्रीने तीच बसवली. बेकरीवाल्याला काय करायचीय याहून बरी?

उन्हाळ्यात मेहुण्याने सराव केला. मग एक दिवस लक्ष्याचा कागद घेऊन आला. “भावोजी, भोकं गोल नाहीत हो. जरा लंबगोल दिसताहेत.”

“चष्मा बदल,” मिस्त्री लेथवरून मान न उचलता म्हणाला.

मेहुण्याने कागदाची घडी घातली आणि तो निघाला. मिस्त्रीची बायको जेवणाचा डबा घेऊन आली होती, तिने हे सगळं ऐकलं.

“अहो, एकदा बघितलं असतं तर काय झिजला असतात?”

“तुझ्या भावाच्या भोकांकडे बघत बसू?”

“सुंभ जळेल, पण तुमचा पीळ काही जायचा नाही,” ती म्हणाली आणि डबा आपटून निघून गेली.

वार्षिक स्पर्धा हिवाळ्यात होती. सकाळी हाडं गोठवणारी थंडी पडली होती. मिस्त्री दुर्बीण घेऊन मागच्या बाकावर बसला. मेहुण्याची फजिती बघायला आला होता, खोटं कशाला बोला. फजिती झालीच. उन्हाळ्याच्या विरळ हवेत ज्या गोळ्यांनी कसाबसा तोल सांभाळला होता, त्या थंड, दाट हवेत पार ढेपाळल्या. काही लक्ष्याबाहेर गेल्या. ज्या लागल्या त्या आडव्या लागल्या.

“पावाचे काप करतोय का रे?” कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. मिस्त्रीही हसला आणि त्याने दुर्बीण डोळ्याला लावली.

कागदात भोकं नव्हतीच. लांबट चिरा होत्या, आडव्या पडलेल्या गोळीच्या आकाराच्या. हात थरथरला तर गोळी चुकते, पण आडवी होत नाही. आडवी होते ती पीळ कमी पडला की. तो न उघडलेला गोळ्यांचा डबा मिस्त्रीच्या डोळ्यांपुढे आला.

अध्यक्ष शेजारी येऊन बसले. “काय हो, मेहुण्याचे हात थरथरतात वाटतं?”

मेहुणा चार पावलांवर रायफल पिशवीत घालत होता. त्याने मान वर केली आणि उत्तराची वाट पाहिली.

“हात आहेतच तसे त्याचे,” मिस्त्री म्हणाला.

मेहुण्याने पिशवी बंद केली आणि तो निघून गेला. घरी ही बातमी आधीच पोचली होती. बायकोने ताट वाढलं आणि ती आतल्या खोलीत गेली. तिच्या नजरेत जे होतं ते मिस्त्रीने लगेच ओळखलं. उभा जन्म त्याने तेच दुसऱ्यांकडे फेकलं होतं.

आठवडाभर तो धुमसला. मग बेकरीत गेला. माफीबिफी त्याच्या जिभेवर यायची नव्हती. “रायफल दे. नळी बदलतो,” एवढंच म्हणाला.

“बदलली,” मेहुणा म्हणाला. “शेजारच्या गावातल्या कारागिराकडून. त्याने आधी गोळी हातात घेतली, मग नळी निवडली.”

त्या कारागिराला मिस्त्री ‘लोखंड भादरणारा न्हावी’ म्हणत असे. तो तसाच वळला आणि परत आला.

थंडी सरायच्या आत क्लबात साधा सामना होता. मिस्त्री गेला. मेहुण्याची नवी नळी जुनीएवढीच लांब होती, फक्त पीळ घट्ट. भोकं गोल पडली, नाण्यासारखी. मेहुणा काही जिंकला नाही, मधल्या क्रमांकात राहिला. नेमबाज तो बेताचाच होता.

मिस्त्री उठून अध्यक्षांपुढे उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, “मागच्या वेळी याचे हात नव्हते चुकले. नळी चुकली होती. मी बसवलेली.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“लाज वाटली. आणि तुम्हाला तरी त्यातलं काय कळणार होतं?”

अध्यक्ष या वेळी हसले नाहीत. मेहुण्याने कागदाची गुंडाळी केली आणि म्हणाला, “उशीर झाला, भावोजी.” मग गुंडाळी काखेत मारून, “ताईला सांगा, रविवारी येतो. तुम्ही घरी असलात तरी चालेल.”

तेव्हापासून कारखान्यात एक फरक पडला. मिस्त्री अजूनही गिऱ्हाइकाला बसू देत नाही, गाढव म्हणतो, दीडशहाणा म्हणतो. पण आधी हात पुढे करतो.

“गोळी दाखव,” म्हणतो. “तुझ्या बोलण्यावर माझा विश्वास नाही.”