हिराकाकीचं घर

नवा प्रोग्रॅम तपासायचा म्हटलं की कुंदाताई पर्समधून एक जुनी वही काढायच्या. तिच्यात त्यांच्या पालघरजवळच्या माहीमच्या आळीतल्या सत्तेचाळीस घरांची नावं होती, लग्नाच्या आमंत्रणाच्या क्रमाने. ती सगळी नावं त्या दर वेळी नव्याने टाइप करायच्या. फाईल करून ठेवा म्हटलं तर म्हणायच्या, "हाताने टाकलं की एकेकाचं तोंड दिसतं." शेवटी खुर्ची पुढे ओढून मला विचारायच्या, "हिराकाकी आली का बघ."

हिराकाकीचं घर खाडीला लागून, आळीत सर्वांत शेवटी. "आवतण द्यायला निगालेली माणसं तिच्यापर्यंत पोचेस्तो दमतात," ताई सांगायच्या. "मंग म्हणतात, काकीला काय, कळेलच. तुजा प्रोग्रॅम पण तसाच. दमला की शेवटचं घर सोडतो."

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीजवळ आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. मालक, कुंदाताई आणि मी. माझे वडील जळगावकडून येऊन इथल्या कारखान्यात कंत्राटी कामाला लागलेले. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. कॉलेजात मी उत्तरं पाठ करून पास झालो होतो. काम मला कुंदाताईंनी शिकवलं. चुकलो तरी त्या रागावत नसत. "कंप्युटरला नाय, तुला घाई हाय," एवढंच म्हणत.

एका मजूर कंत्राटदाराचं काम आलं. त्याच्या कामगारांची यादी आमच्या सर्व्हरवर ठेवायची आणि कारखान्याच्या गेटवरच्या टॅबलेटने ती रोज पहाटे मागवून घ्यायची. ज्याचं नाव यादीत, त्यालाच आत सोडणार. यादी एकदम न पाठवता वीस-वीस नावांच्या पानांनी पाठवणारा छोटासा एपीआय प्रोग्रॅम मी लिहिला.

तो सर्व्हरवर चढवायच्या दिवशी ताई सासूच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पालघरला होत्या. वही माझ्या टेबलावर ठेवून गेल्या होत्या. मला टाइप करायचा कंटाळा आला. मी 'टेस्ट एक' ते 'टेस्ट शंभर' अशी शंभर नावं एका झटक्यात तयार केली. पाच पानं आली, अगदी नीट.

दुपारी ताईंचा फोन आला. "हिराकाकी आली का रे?"

"आली, ताई."

"मंग चढव."

शंभराला विसाने भाग जातो; वहीतल्या सत्तेचाळीसला जात नाही. कंत्राटदाराची यादी एकशे एकोणसत्तर जणांची होती. माझा प्रोग्रॅम पानं मोजताना भागाकार करून उरलेली नावं सोडून देत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे गेटवर आठ पानं गेली आणि नऊ माणसं राहिली. यादी आडनावाच्या क्रमाने होती, त्यामुळे शेवटी शिंगडा, सांबर, हाडळ अशी जव्हारकडची माणसं होती, अंधारात जीप पकडून आलेली. "लिस्ट में नहीं है तो नहीं है, भाई," गेटवरचा म्हणाला. दुपारपर्यंत ते नऊ जण बाहेर उन्हात उभे राहिले आणि मग परत गेले.

ताई पालघरहून परतल्या त्याच दिवशी कंत्राटदार आमच्या ऑफिसात येऊन वाट्टेल ते बोलला. तो गेल्यावर मालकांनी विचारलं, "टेस्टिंग कुणी केलं?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला हवं होतं. त्या वेळी मला वडिलांचा चेहरा दिसला, असं मी नंतर स्वतःला सांगत आलो. खरं तर मला फक्त माझी नोकरी दिसली. मी स्क्रीनकडे बघत राहिलो.

"चढव म्हणून मी सांगितलं," ताई म्हणाल्या. "जबाबदारी माजी."

संध्याकाळी त्यांना काढून टाकलं. त्यांनी पर्स उचलली. वही माझ्या टेबलावर तशीच राहू दिली.

तीन आठवड्यांनी मी माहीमला गेलो. ताई ओटीवर बसून विड्याची पानं निवडत होत्या.

"ताई, मी तुमची वही वापरलीच नव्हती."

"म्हाईत हाय." हात थांबला नाही. "हिराकाकी आली का इचारल्यावर माणूस जरा थांबतो, बघतो, मंग बोलतो. तू थांबला नाय."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"वाटलं, तू बोलशील."

मी माफी मागितली. "माजी कशाला?" त्या म्हणाल्या. "माजी पानांची वाडी हाय, माजं चाललंय. त्या नऊ जणांना भेटला?"

"नाही."

"नावं तरी ठाऊक हायेत?"

मला तीन आडनावं आठवली. ताईंनी निवडलेली पानं ओल्या फडक्यात गुंडाळली आणि उठून आत गेल्या. चहा विचारला नाही.

ऑफिसात परतल्यावर त्या नऊ जणांची नावं शोधायला मी यादी उघडली. चूक मी केव्हाच दुरुस्त केली होती. शेवटचं, नववं पान दिसायला हवं होतं. यादीत एकशे साठच नावं होती. मी कंत्राटदाराला फोन लावला.

"ते होय? त्या दिवशी गैरहजर होते ना. काढून टाकले," तो म्हणाला. "तुमचं सॉफ्टवेअर आता मस्त चालतं बरं का, साहेब."

एकशे साठ म्हणजे बरोबर आठ पानं. माझा जुना, चुकीचा प्रोग्रॅमही आता बिनचूक चालला असता.