माईंचं रेडिएशन

दोन घरांत एकच भिंत असली की किस्से आपसूक जमतात. कान लावावा लागत नाही. (लावला तरी बघतंय कोण!) आमच्या अमेरिकेतल्या, फ्रीमाँटच्या टाउनहाउसला लागून डॉक्टर अभय राहतो. कॅन्सरच्या पेशंटना रेडिएशन देणं हे त्याचं काम. आणि एका वर्षी त्याच्या आईच्याच, माईंच्या, छातीत गाठ निघाली! ऑपरेशन झालं. पुढे रेडिएशन म्हटल्यावर माई अडल्या. "मला नको. मी आपली नागपूरला जाते."

*

जगभरच्या कॅन्सर डॉक्टरांचा एक ऑनलाइन ग्रुप होता. नावं गाळून केसेस लिहायचे. मी डबा परत द्यायला गेले तर अभय स्क्रीनला नाक लावून बसलेला. समोर सगळं कॅपिटल अक्षरांत.

"भांडताय का रे?"

"नाही काकू, डिस्कशन चाललंय."

"माझा मुलगा म्हणतो, कॅपिटल म्हणजे ओरडणं."

"...थोडं भांडतोय."

*

शेवटी त्यानं तिथेच विचारलं, पेशंट डॉक्टरची आई आहे, ऐकत नाही, काय करू? धडाधड उत्तरं आली, डोसची, रिपोर्टची. एका बाईचं मात्र एका ओळीचं: "डॉक्टरला हटवा, मुलाला पाठवा."

अभय माईंशेजारी मटार सोलत बसला. औषधाचं अवाक्षर नाही! टोपलं रिकामं झाल्यावर माईच म्हणाल्या, "काकू सोबत येणार असतील तर जाते."

मला फ्रीवेवर, त्या भरधाव हमरस्त्यावर, गाडी चालवायची भीती. आम्ही आतल्या रस्त्यांनी जायचो.

*

पहिला दिवस. सेंटरच्या दाराशी भिंतीवर पितळी घंटा. माईंनी चपला काढल्या, घंटा दणक्यात वाजवली, हात जोडले.

अख्खी वेटिंग रूम उभी राहून टाळ्या वाजवायला लागली! नर्स धावत आली, "काँग्रॅच्युलेशन्स!" अभय कपाळाला हात लावून उभा. तिथे म्हणे ट्रीटमेंट संपल्यावर घंटा वाजवतात. एक टकलू आजोबा तर हसून हसून खोकले. मग रोज माईंना विचारायचे, "नो बेल टुडे?"

*

किरणं नेमकी कुठे सोडायची, त्याच्या जांभळ्या रेघा माईंच्या छातीवर आखलेल्या. घासायचं नाही अशी सक्त ताकीद. मधेच दिवाळी आली. माईंनी उटणं लावून साग्रसंगीत अभ्यंगस्नान केलं. रेघा साफ!

"अगं आई, सांगितलं होतं ना?"

"नरकचतुर्दशीला नाही घासायचं, तर कधी रे?"

त्या दिवशीचं रेडिएशन कॅन्सल. पुन्हा मापं, पुन्हा रेघा. अभयनं ग्रुपवर कळवलं, तर एकानं विचारलं, "ट्रीटमेंट संपल्यावर आमच्याकडे ही शाई जाता जात नाही. ते उटणं कुठे मिळतं?"

*

शेवटी शेवटी कातडी भाजल्यासारखी झाली. माईंनी बॅग काढली. "पुरे झालं. तिकीट काढ."

अभय मटारचं टोपलं घेऊन शेजारी बसला. मीही सोलायला लागले. जरा वेळानं माईंनीच बॅग पलंगाखाली सरकवली. "उद्या जाऊन येते. तो म्हातारा वाट बघेल."

*

शेवटचा दिवस. नर्सेस रांगेत, टकलू आजोबा पुढच्या खुर्चीत, अभय कॅमेरा घेऊन. माईंनी चपला घातल्या, पर्स खांद्याला लावली आणि घंटेवरून सरळ पुढे गेल्या.

"आई, अगं वाजव ना! आता वाजवायची असते."

"येताना वाजवली होती ना? ऐकलंय त्या वरच्यानं. चल, कुकर लावायचाय."