आमच्यातला माणूस

इंदापूरला एसटी स्टँडमागं मी ज्याच्याकडं दाढी करतो, तो आरशाला मोबाईल टेकवून सुपरहिरोंच्या मालिका बघतो. गिऱ्हाईक बदलतं, मालिका बदलत नाही. कॉमिकही त्यानं आधीच वाचलेलं असतं, त्यामुळं तक्रारी फार. “पुस्तकात ह्याला मिशा हायत तात्या. हितं पार गुळगुळीत करून टाकला.” सगळ्यात मोठी तक्रार धंद्याची. “अख्खा सीझन झाला, हिरोची दाढी तेवढीच. करतंय कोण? एकदा तरी आमच्यातला माणूस दाखवा की.”

परवा दाखवला. एका राजाची दाढी करायला एक जण वस्तरा घेऊन आला. ह्यानं बाकावरच्या सगळ्यांना उठवून मोबाईलपुढं उभं केलं. माझ्या गळ्यावरचा वस्तरा होता तिथंच थांबला. तेवढ्यात पडद्यावरच्यानं राजाचा गळा चिरला.

सगळे माझ्या गळ्याकडं बघू लागले. मी आवंढासुद्धा गिळला नाही.

त्यानं तो प्रसंग मागं घेऊन पुन्हा पाहिला आणि शांतपणे म्हणाला, “वेश घेतलाय त्यानं. पुढच्या भागात कळंल, बघा तुमी. आमच्यातला असता तर आधी पाणी लावलं असतं.”