त्याच्या रानात मी उतरलो

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी असते. बाकी जग कामावर असतं तेव्हा आम्ही मोकळे, त्यामुळं बँकेची कामं, पोरांचे दाखले, नवराबायकोची भांडणं सगळं गुरुवारी. आम्हा तिघांचं उडणंही गुरुवारीच. रविवारी मावळातल्या त्या टेकडीवर हौशी गर्दी असते, निम्मे लोक नुसते फोटो काढायला आलेले. गुरुवारी मात्र टेकडी आमच्या बापाची.

मी मूळचा लातूरकडचा. चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपला आहे, राहतो दिघीला. राग नाकावर. कुणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. अशा माणसानं पॅराग्लायडिंगच्या नादाला लागूच नये, कारण त्यात शिकवणारा थेट तुमच्या कानात बसलेला असतो, रेडिओतून.

माझा मित्र चाकणच्या अलीकडच्या एका जुन्या गावातला. घरची शेती हळूहळू कंपन्यांना गेली, आता कामगारांच्या बस चालवतो. अंगानं आडवा आणि आवाज त्याहून आडवा. माझ्या अगोदर दोन वर्षं शिकला म्हणून माझा गुरू असल्यासारखा वागायचा. तिसरी आमची ताई. भोसरीतल्या एका वर्कशॉपात तपासणीला आहे, वयानं आमच्याहून लहान, पण बोलायला लागली की समोरच्याची गय करत नाही. म्हणून ताई.

टेकडीसमोर इकडून तिकडं फिरून खाली उतरणं आम्हा तिघांनाही येत होतं. खरी खुमखुमी टेकडी सोडून लांब जायची. पॅराग्लायडरला इंजिन नसतं. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर चढते, तिला थर्मल म्हणतात. ती शोधायची, तिच्यात गोल गोल फिरून उंची गाठायची, मग वाऱ्याबरोबर पुढं निघायचं आणि उंची संपायच्या आत दुसरी शोधायची. सांगायला एवढंच. करायला गेलं की अंगातून घाम निघतो.

ते शिकायला आम्ही शर्यत लावली. जो लांब जाईल तो जिंकला. जो सगळ्यात आधी खाली बसेल त्यानं गाडी घेऊन बाकीच्यांना गोळा करत यायचं. थर्मल सापडला तर लपवायचा नाही, रेडिओवर सांगायचं. आणि संध्याकाळी मिसळ खाताना जिंकलेल्यानं सगळं खरं खरं सांगायचं, कुठं वळला, कुठं फाटली, कशानं वाचला. या मिसळीच्या टेबलावर मी जेवढं शिकलो तेवढं कुठल्या कोर्समध्ये शिकलो नाही. घार जिथं पंख न हलवता चढते तिथं जायचं. नदीवर थांबायचं नाही. दुपारी पत्र्याच्या शेडवर आणि खडीच्या खाणीवर हवा उकळत असते. दिघी-लोहगावच्या बाजूला चुकूनही तोंड करायचं नाही, ते आकाश लष्कराचं. फक्त एक गोष्ट माझ्या वाट्याला कधी आली नाही, ती म्हणजे त्या टेबलावर सांगायची पाळी. मी आपला दर गुरुवारी गाडी हाकत बसायचो.

होळीच्या आसपासची गोष्ट. मित्र टेकडीवर आला तो गप्प गप्प. त्याचा आवाज बसलाय की काय असं वाटलं. मग म्हणाला, "आज मला रानात उतरायचंय. आमच्या."

त्यांच्या सगळ्या जमिनीतला एक तुकडा तेवढा उरला होता, दोन शेडच्या मधोमध. तोही आता गेला होता आणि सोमवारपासून कंपाउंडच्या भिंतीचं काम सुरू होणार होतं. "आज्यानं नांगरलं, बापानं नांगरलं," तो म्हणाला. "मी कायबी केलं न्हाई, गाड्या चालवल्या. एकदा वरनं तरी त्या रानात पाय टेकवतो. आई सकाळपास्नं तिथं जाऊन बसलीय. भावकीला सांगून ठेवलंय तिनं, माझा ल्योक आभाळातनं येणार हाय म्हणून."

ताई म्हणाली, "मग आज शर्यत नको. आपण तुला सोडायला येतो."

"न्हाई, न्हाई. शर्यत हाय म्हणून तर मी पुढं जातो. एकट्याला धीर व्हत न्हाई, राव." मग माझ्याकडं बघून हसला. "आणि ह्याला एकदा जिंकायचंय. त्याला का उपाशी ठेवायचं?"

तो चेष्टेनं बोलला. मला ते झोंबलं.

उडालो. ताई पहिल्या दहा मिनिटांतच खाली बसली, चरफडत गाडीकडं गेली. आम्हा दोघांना टेकडीवरच चांगला थर्मल मिळाला. तो माझ्या वर होता आणि कानात त्याची टकळी सुरू. "डावीकडं घे. आणखी घे. अरे आवळ की जरा. हां, आता सोड. सोड म्हणलं ना!" तळेगाव मागं पडलं, इंदोरी आली, तरी थांबेना. आता कळतं, तो स्वतःच्या रानाकडं निघालेला माणूस प्रत्येक थर्मलमध्ये माझ्यासाठी थांबत होता. तेव्हा एवढंच कळत होतं की कंपनीत सुपरवायझर, घरी बायको आणि आता आभाळातसुद्धा हा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी खांद्यावरच्या रेडिओचं बटण फिरवलं आणि आवाज बंद करून टाकला.

काय शांतता होती! खोटं कशाला बोलू, मजा वाटली.

समोर भामचंद्राचा डोंगर होता. डोंगराच्या पाठीमागं वाऱ्याच्या आडोशाला जायचं नाही, तिथं हवा खाली दाबते आणि विंग, म्हणजे डोक्यावरचा कापडी पंख, मिटू शकते, हे आम्ही पहिल्याच महिन्यात घोकलेलं. तो उंचावरून डोंगराला लांबचा वळसा घालायला निघाला. मी सरळ गेलो, आडोशाच्या कडेकडेनं, वेळ वाचवायला. कडेकडेनं म्हणता म्हणता आत ओढला गेलो. एका बाजूची विंग मिटली, मी हिंदकळलो, झाडं एकदम मोठी दिसायला लागली. कशीबशी विंग उघडली. पुढं एक खडीची खाण होती, पांढरीशुभ्र, तापलेली. तिच्यावर पोचलो आणि खालून कुणीतरी उचलून धरावं तसा वर निघालो.

त्या चढण्यात मी ओरडलो, हसलो, स्वतःलाच शिव्या घातल्या. कुणी न सांगता, माझा मी वाचलो होतो. मागं वळून बघितलं तर खाणीची धूळ आणि धुरकट आभाळ. मित्र दिसला नाही. माझ्या डोक्यात पहिला विचार आला, तो खाली बसला असणार. दुसरा विचार आला, मी जिंकलो. तिसरा विचार यायला हवा होता तो आलाच नाही.

चाकणच्या शेडवर पोचलो तेव्हा उंची संपत आली होती. वरून माझ्या कंपनीची चिमणी ओळखू आली. खाली सगळीकडं पत्रे, ट्रक आणि विजेच्या मोठ्या तारा. उतरायला जागा शोधत होतो आणि दोन शेडच्या मधे ते रान दिसलं. हरभरा निघून गेलेलं, मोकळं. कडेला माणसं उभी. एका काठीला लाल फडकं बांधलेलं, त्याला वारा कळावा म्हणून. मला लगेच कळलं ते कुणाचं रान आहे. अलीकडं रस्त्यालगत एक पडीक माळ होता, तिथंही उतरता आलं असतं. तारांपासून लांब म्हणून हेच बरं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तो माळ त्या रानाच्या अलीकडं होता आणि मला आणखी लांब जायचं होतं.

मी अलगद उतरलो. आयुष्यात एवढा सुंदर उतरलो नव्हतो.

लोक ओरडत पळत आले. सगळ्यांच्या पुढं एक म्हातारी, नऊवारी खोचलेली, हातात पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा. मी हेल्मेट काढायच्या आत तिनं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं, डोळ्यांना पाणी लावलं. "आलास का रे माझ्या राजा," म्हणाली आणि माझ्या गालाला हात लावला. तिच्या हाताला कळलं असावं. ती थबकली.

मी हेल्मेट काढलं.

"अगं बया," मागून कुणीतरी बोललं, "ह्यो आपला न्हाई."

धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात, ते मला त्या दिवशी अक्षरशः वाटलं. म्हातारीनं मात्र स्वतःला सावरलं. "असू दे. त्याचाच दोस्त ना? मंजी माझाच ल्योक की." मग माझ्या खांद्यावरून मागं आभाळात बघितलं. "त्यो कुठं ऱ्हायला?"

"येतोय, आई. मागंच आहे," मी म्हणालो. मला काय माहीत होतं? काही माहीत नव्हतं.

विंग गोळा करतो असं सांगून मी रानाच्या टोकाला गेलो आणि पाठ फिरवून रेडिओचा आवाज वाढवला. घोगरा झालेला आवाज आला. "भावा, बोल रे. कुठं पडलास? मला दिसंना झालायस. बटण तरी दाब की." थोडं थांबून, "ताई, तो डोंगरामागं गेला आणि वर आला न्हाई. मी त्या झाडांवरच फिरतोय. लई खाली आलोय आता. तू गाडी वासुलीच्या बाजूनं आण." आणि पुन्हा, "भावा, बोल. घाबरू नको, मी हाय."

माझा अंगठा बटणावर होता, तो दाबवेना. शेवटी दाबला. "मी ठीक आहे."

"कुठं हायेस?"

"रानात. तुझ्या."

पलीकडं खरखर झाली. मला वाटलं आता आई-माईवरून शिव्या येतील, आणि याव्यात असं मनापासून वाटत होतं. "लागलं न्हाई ना कुठं?" त्यानं विचारलं. मी नाही म्हणालो. "बरं झालं बाबा," तो म्हणाला. "माझी काय आता उंची उरली न्हाई. उतरतो हितंच."

तासाभरानं ताईची गाडी आली. वाटेत तिला त्यानं काय सांगितलं माहीत नाही. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "रेडिओ बिघडलाय का तुझा?"

"नाही."

"बघ हां. बिघडला असेल तर सांग. दुरुस्त करता येतो." आणि तिनं तोंड फिरवलं.

मित्राच्या हातापायांवर बोरीच्या काट्यांचे ओरखडे होते. तो सरळ रानाच्या मधोमध गेला, पिशवीतून विंग काढली, पसरली, आणि संध्याकाळच्या वाऱ्यावर उभी केली. ती मोठी लाल विंग त्याच्या डोक्यावर तरंगायला लागली. मग तो पळाला. एवढा आडवा माणूस ढेकळांतून धडपडत, "आई, बघ! आलो बघ!" ओरडत रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाला. भावकी हसली, पोरांनी शिट्ट्या मारल्या. म्हातारीसमोर येऊन तो गुडघ्यांवर बसला आणि विंग त्याच्या मागं खाली कोसळली.

तिनं दुसरा भाकरतुकडा ओवाळला. पायांवर पाणी घातलं. पण तिला राहवेना. ती माझ्याकडं बोट करून त्याला म्हणाली, "ह्यो तर वरनं आला रे. सगळ्यांनी बघितला. तू का न्हाई आलास वरनं?"

मी तिथंच उभा होतो, दोन हातांच्या अंतरावर. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"मधी जरा काम निघालं, आई," तो म्हणाला आणि पायातले काटे काढायला लागला.